पॉपॉ : सीताफळाचा थंड मुलुखातला भाऊ

फळांच्या धंद्यात नावांचा घोळ नवा नाही. आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात व्यवहार करणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी पेटीवर ‘पॉपॉ’ हे नाव वाचले असेल आणि पेटी उघडल्यावर आत आपली नेहमीची पपई पाहिली असेल. त्या मुलुखांत पपईलाच पॉपॉ म्हणतात. पण अमेरिकेच्या पूर्व भागात, ओहायो, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत, कोणी पॉपॉ मागितले तर पपई मिळणार नाही. तिथे हातात येईल ते मुठीएवढे, हिरवट-पिवळ्या सालीचे, थोडे वाकडेतिकडे, दिसायला अगदी साधे फळ. कापले की आत पिवळा, लोण्यासारखा गर आणि दोन ओळींत बसलेल्या पावट्याच्या दाण्यापेक्षा मोठ्या तपकिरी बिया. हे फळ पपईच्या घराण्यातले नाही. ते आपल्या सीताफळाच्या घराण्यातले आहे आणि म्हणूनच त्याची हकिकत या पानावर देण्याजोगी आम्हाला वाटली.

सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ ही सारी एकाच कुळातली मंडळी. हिरवा चाफाही त्याच कुळातला, आणि अत्तराचा धंदा करणाऱ्यांच्या परिचयाचे इलंग-इलंगचे झाडही. शाळा-कचेऱ्यांच्या आवारात सरळ रांगेत उभा असणारा खोटा अशोक हाही त्यांचाच नातेवाईक. या कुळातली बहुतेक सर्व झाडे उष्ण प्रदेशातली, थंडीने करपणारी. त्यात पॉपॉची जात तेवढी वेगळी निघाली. कॅनडातील ऑन्टारियोच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत ती नदीकाठच्या रानात आपोआप वाढते. हिवाळ्यात पाने गाळून उभी राहते आणि शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंतची थंडी सोसते. उत्तर अमेरिकेच्या मातीतले खाण्याजोगे सर्वांत मोठे फळ हेच. एकेक फळ शंभर ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत भरते.

चव कशी? खाणारे केळ्याचे आणि आंब्याचे नाव घेतात, कोणी अननसाचे घेतात, आणि पोत विचारला तर घट्ट कस्टर्डचा सांगतात. सीताफळ खाणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, फक्त एक फरक ध्यानात घ्यावा. सीताफळाचा गर दाणेदार असतो, पाकळ्या-पाकळ्यांचा असतो, प्रत्येक पाकळीत बी. पॉपॉचा गर एकसंध, गुळगुळीत, चमच्याने काढून खाण्याचा. साल कडू, ती टाकून द्यायची. बी चुकूनही चावायचे नाही. फळ बोटाने दाबल्यावर पिकलेल्या पीचसारखे दबले आणि खोलीभर वास सुटला की ते खाण्याजोगे झाले. एक-दोन दिवस जास्त गेले, साल काळवंडली, तर चव जळक्या साखरेकडे झुकते. काहींना तीच आवडते, पुष्कळांना नाही. रानातल्या प्रत्येक झाडाचे फळ गोड निघतेच असेही नाही. काहींच्या शेवटी जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. पहिल्यांदा असे फळ वाट्याला आलेला माणूस जन्मभर पॉपॉला नावे ठेवतो, असा तिथल्या विक्रेत्यांचा अनुभव आहे. नमुना खराब दिला की गिऱ्हाईक गेले, हे आमच्या मंडईतल्या बांधवांना वेगळे सांगायला नको.

बाजारात का आले नाही?

हे फळ त्या मुलुखाला नवे नाही. तिथले मूळ रहिवासी ते खात असत आणि झाडाच्या आतल्या सालीच्या तंतूंपासून दोर व जाळी विणत असत. १८०६ च्या सप्टेंबरात लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम मिसूरी नदीने परतत असताना शिधा संपला, तेव्हा त्यांच्या माणसांनी पॉपॉवर दिवस काढल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. खेड्यापाड्यांत याला ‘गरिबाचे केळे’ म्हणत. गावांना याचे नाव आहे, मुलांच्या खेळात याचे गाणे आहे. तरीही घाऊक बाजारात ते कधी उभे राहू शकले नाही.

कारण एकच आणि ते धंद्याचे आहे. पिकलेले पॉपॉ साध्या हवेत दोन-तीन दिवस टिकते. साल पातळ, एका बोटाच्या दाबाने डाग पडतो, आणि डाग पडला की तिथून फळ काळे होत जाते. नुकतेच मऊ पडू लागलेले फळ तोडून लगेच शीतगृहात ठेवले तर सुमारे तीन आठवडे निभते, पण हे तंत्र अलीकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस बर्फाच्या जहाजांतून आणि रेल्वेच्या थंड डब्यांतून मध्य अमेरिकेचे केळे गावोगाव पोहोचू लागले. ते कच्चे तोडता येत होते, आठवडाभर प्रवास सोसत होते, बारा महिने मिळत होते आणि स्वस्तही होते. गरिबाच्या केळ्यापुढे खरे केळे येऊन बसले. पॉपॉ रानातच राहिले.

सीताफळवाल्यांनी इथे थोडे थांबून पाहावे. सीताफळही टिकत नाही म्हणून आपण रडतो. पण सीताफळाचे डोळे उघडले, खाचा पिवळसर पडल्या, की ते कडक असतानाच तोडता येते आणि पेटीत दोन-चार दिवसांत पिकते. धारूर, दौलताबाद, सासवडचा माल मुंबई-पुण्याच्या बाजारात जातो तो या तीन-चार दिवसांच्या मुदतीवर. पॉपॉला एवढीही सवलत नाही. हिरवे-कडक तोडले तर ते पिकतच नाही, नुसते सुरकुतते. झाडावरच गाभुळावे लागते. एका झाडावरची सगळी फळे एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवडे रोज झाडाखाली जाऊन प्रत्येक फळ हलक्या हाताने दाबून पाहावे लागते. मजुरी कुठे जाते ते यावरून कळावे.

पन्नास डॉलरचे बक्षीस आणि एका माणसाची चिकाटी

१९१६ साली अमेरिकेच्या जनुकशास्त्र संघटनेने एक स्पर्धा लावली. सर्वोत्तम पॉपॉ पाठवणाऱ्याला पन्नास डॉलर, सर्वांत मोठे झाड दाखवणाऱ्याला पन्नास डॉलर. देशभरातून टपालाने फळे आली. बक्षीस ओहायोतील आयर्नटन गावाच्या एका बाईंच्या फळाला मिळाले. उद्देश असा की रानातली उत्तम झाडे सापडली की त्यांची कलमे करून बागा उभ्या करता येतील. काही हौशी मंडळींनी झाडे जमवलीही. पेनसिल्व्हानियात झिमरमन नावाच्या गृहस्थांनी मोठा संग्रह केला, व्हर्जिनियातील ब्लँडी येथील प्रयोगक्षेत्रावर एक संग्रह लागला. मग माणसे वारली, बागा विकल्या गेल्या, नोंदवह्या कपाटांत पडून राहिल्या.

१९७५ साली नील पीटरसन नावाच्या विद्यार्थ्याने वेस्ट व्हर्जिनियात पहिल्यांदा पॉपॉ खाल्ले. वनस्पतींच्या आनुवंशिकतेचा तो अभ्यास करीत होता. त्याला प्रश्न पडला की रानातले, कोणी न सुधारलेले फळ इतके चांगले असेल तर निवड केल्यावर कसे होईल? सफरचंदावर हजारो वर्षे निवड झाली, यावर झालीच नाही. त्याने जुन्या नोंदी उकरल्या, त्या जुन्या संग्रहांतली उरलीसुरली झाडे गाठली आणि त्यांचे बी जमवले. १९८० च्या दशकाच्या आरंभी मेरिलँड विद्यापीठाच्या प्रयोगक्षेत्रांवर सुमारे दीड हजार रोपे लावली. बियांपासून वाढवलेले झाड फळावर यायला पाच ते आठ वर्षे घेते. तोवर थांबायचे, मग प्रत्येक झाडाची फळे वजन करायची, बिया मोजायच्या, चाखायची, वहीत लिहायची. वर्षानुवर्षे. या दीड हजारांतून शेवटी मोजके वाण बाजारात आले. शेननडोआ, सस्क्वेहाना, रॅपहॅनॉक, पोटोमॅक, अ‍ॅलेगेनी, वॉबॅश ही त्यांची नावे, सारी नद्यांची आणि मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेली. रानटी फळात निम्मी जागा बियाच खातात की काय असे वाटते. शेननडोआत बियांचे वजन एकूण फळाच्या सात टक्क्यांच्या आसपास आहे.

पहिल्या घासापासून विकण्याजोग्या कलमापर्यंत या माणसाची वीस वर्षांहून अधिक गेली. आमच्याकडे असे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बार्शी तालुक्यातील गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी आपल्याच बागेतील सीताफळांतून निवड करीत ‘एनएमके-१ गोल्डन’ हा कमी बियांचा, जास्त टिकणारा वाण काढला. सरकारी संशोधन केंद्रे आपापले काम करतात, पण रोज झाडाखाली उभा राहणारा माणूस जे पाहतो ते वेगळे, असे आमचे मत आहे.

सरकारी पातळीवर केंटकी राज्य विद्यापीठाने १९९० पासून पॉपॉवर संशोधन चालवले आहे आणि १९९४ पासून या फळाच्या जातींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे.

लागवड

या झाडाचे बी वाळले की मेले. गव्हा-ज्वारीचे बी वाळवून ठेवतो तसे ते ठेवताच येत नाही. फळातून काढल्यावर गर धुऊन टाकायचा, ओलसर शेवाळात गुंडाळून पिशवीत घालायचे आणि तीन-चार महिने चार-पाच अंशांच्या थंडाव्यात ठेवायचे, म्हणजे साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. हा कृत्रिम हिवाळा मिळाल्याशिवाय बी जागे होत नाही. पेरल्यावर आधी मूळ खाली जाते. वर कोंब दिसायला दोन महिने लागले तरी घाबरायचे नाही. मूळ सोटासारखे सरळ आणि ठिसूळ, म्हणून उथळ पाटीत पेरणे म्हणजे रोप वाया घालवणे. कुंडी किंवा पिशवी वीतभर नव्हे, हातभर खोल हवी.

पहिल्या वर्षी कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, सावलीची जाळी लागते. पुढे मात्र उलट. रानात हे झाड मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते म्हणून त्याला सावलीतच लावावे असा गैरसमज तिथेही होता. सावलीत झाड जगते, पण फळ धरत नाही. भरपूर फळ हवे तर भरपूर ऊन हवे. जमीन निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी आणि ओलावा धरणारी लागते.

कलम करायचे तर पेन्सिलीच्या जाडीच्या खुंटावर वसंतात, रस चढू लागल्यावर डोळा भरतात. कलमी झाड तीन-चार वर्षांत फळ देऊ लागते. चांगल्या जोपासलेल्या झाडावरून साधारण दहा ते वीस किलो माल मिळतो.

फुलाची गंमत और आहे. पाने फुटण्यापूर्वी गडद तांबूस रंगाची, खाली मान घातलेली फुले येतात आणि त्यांना किंचित सडक्या मांसासारखा वास असतो. मधमाशी तिकडे फिरकत नाही. माश्या आणि भुंगे येतात, तेही आले तर आले. काही बागायतदार फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाला कुजके मांस टांगतात! ज्यांना हे सोसत नाही ते मऊ कुंचल्याने एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर लावतात. आपले सीताफळवाले हाताने परागीभवन करतात त्याच रीतीने. दुसऱ्या झाडाच्या, हे महत्त्वाचे. पॉपॉचे झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्यासाठी वेगळ्या वाणाचे झाड जवळ हवे. मुळांपासून धुमारे फुटून रानात पन्नास-शंभर खोडांची झुडी दिसते, पण ती सारी एकाच झाडाची लेकरे असली तर त्या झुडीत एक फळ सापडत नाही.

औषध फवारणीचा खर्च जवळपास नाही. पानांत व सालीत असे कडू विषारी द्रव्य असते की जनावर तोंड लावत नाही. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात शेळ्या सगळे खातात आणि सीताफळ तेवढे सोडतात, त्याचे कारणही हेच. ओहायोत पॉपॉच्या झाडांखाली शेळ्या चारणारी एक शेती आहे. शेळ्या गवत फस्त करतात, झाडाला हात लावत नाहीत, एका जमिनीतून दूध आणि फळ दोन्ही निघते.

जपण्याच्या गोष्टी

जनावराला दूर ठेवणारे हेच द्रव्य माणसाच्या बाबतीत विचार करायला लावते. पॉपॉच्या अर्कापासून अमेरिकेत उवा मारण्याचा शाम्पू निघाला. आमच्याकडे आया-बाया सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावत, तीच गोष्ट. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा अधू होतो, हेही आमच्या जुन्या बायकांना ठाऊक होते. काही लोकांना पॉपॉ खाल्ल्यावर मळमळते, उलट्या होतात. वाळवलेल्या किंवा शिजवून आटवलेल्या गराने हा त्रास अधिक लोकांना होतो, म्हणून आंबापोळीसारखी पॉपॉपोळी करून विकू नये असा तिथल्या जाणकारांचा सल्ला आहे.

याहून गंभीर बाब लक्ष्मणफळाची. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर कंपवातासारख्या एका विकाराचे रुग्ण अनपेक्षितपणे जास्त आढळले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा संबंध लक्ष्मणफळाचे फळ व त्याच्या पानांचा काढा नेहमी घेण्याशी असावा असे मांडले गेले. ज्या द्रव्यावर संशय आहे ते पॉपॉतही सापडले आहे. हंगामात चार फळे खाणाऱ्याने भिऊन जाण्याचे कारण नाही. पण लक्ष्मणफळाच्या पानांची पूड ‘कॅन्सरवर हमखास’ म्हणून विकण्याचा जो धंदा आपल्याकडे फोफावला आहे, त्यात आमच्या कोणा बांधवाने माल भरू नये. कॅन्सरचा रुग्ण दवाखाना सोडून त्या काढ्यावर बसला तर विकणाऱ्याच्या मानेवर काय येईल याचा विचार गल्ल्यावर बसण्यापूर्वी करावा.

आज धंदा कुठे आहे

ताजे फळ तिथल्या आठवडी शेतकरी बाजारात विकले जाते, सफरचंदाच्या कितीतरी पट भावाने, तेही ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच. ओहायोत १९९९ पासून सप्टेंबरमध्ये पॉपॉचा मेळा भरतो. २००९ साली त्या राज्याने पॉपॉला आपले राज्य देशी फळ ठरवले. अमेरिकेबाहेर इटली, रोमानिया, जपान, कोरिया येथे लागवड आहे.

खरा व्यवहार मात्र गोठवलेल्या गराचा आहे. फळ टिकत नाही, गर टिकतो. त्या गराचे मोठे गिऱ्हाईक बियर गाळणारे छोटे कारखाने आहेत, आणि तो व्यवहार आपल्यासाठी नाही. दुसरे गिऱ्हाईक आइस्क्रीमवाले. इथे आपल्या कामाची गोष्ट सुरू होते. पॉपॉचा सुगंध उष्णतेने उडून जातो. सीताफळाचा गर तापवला तर कडवट होतो. दोन्ही गर हवेत उघडे राहिले की काळे पडतात. दोन्हींत यंत्राने बी फुटू देता कामा नये, नाहीतर कडूपणा आणि विष दोन्ही गरात उतरतात. म्हणजे यंत्र, कामगार, डीप फ्रीजर, सारी मांडणी एकच. सीताफळ रबडीचे जाणते कारागीर दूध आटवून पूर्ण थंड झाल्यावरच गर घालतात. ओहायोचा आइस्क्रीमवालाही तेच करतो.

मग पॉपॉ महाराष्ट्रात लावावे काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे निदान चारशे तास लागतात, तेव्हा ते झोपेतून नीट उठते. बीड, सोलापूर, पुरंदर सोडाच, महाबळेश्वरीही एवढी थंडी भरत नाही. काश्मीर किंवा हिमाचलच्या सफरचंदाच्या पट्ट्यात प्रयोग करण्याजोगी हवा आहे, आणि तिकडच्या व्यापाऱ्यांशी ज्यांचा सफरचंदाचा लेनदेन आहे त्यांनी ही माहिती त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. परदेशातून बी किंवा कलमे आणायची तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आधी परवाना घ्यावा लागतो. सामानात लपवून आणलेले रोप जप्त होते, आणि सोबत आलेली कीड दुसऱ्याच्या बागेत शिरते ते वेगळेच.

‘अमेरिकन सीताफळ, थंडीत-उन्हात कुठेही येते’ असे सांगून कोणी रोप दाखवू लागला तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. कोणत्या वाणाचे कलम आहे, आणि परागासाठी सोबतचे दुसरे झाड कोणत्या वाणाचे? तो कागदी पाकिटातले खडखडीत वाळलेले बी विकत असेल तर प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. ते बी कधीच उगवणार नाही.